इर्शाळवाडीनंतर : ढिगारा उपसणाऱ्यांच्या मनाचे काय?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवले गेले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे सरकारनेच सांगितले. यादीवर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांनी ढिगारा उपसला, त्यांच्याबद्दल कोण बोलले?

वाडीला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर नेता आली नाहीत. एनडीआरएफचे जवान, अग्निशमन कर्मचारी, पोलीस, गिर्यारोहक आणि स्थानिक तरुणांनी भर पावसात हातांनी माती उपसली. नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी डोंगर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. शरीराची हानी दिसते, मनाची दिसत नाही. मृतदेह उचललेला माणूस पुन्हा ड्युटीवर जातो. झोप उडाली तरी सांगत नाही, कारण ‘कच्चा निघाला’ असे लोक म्हणतील.

हाच प्रश्न खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतही आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा आणि कामगारांचे निम्मे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक झाली. आराखड्यात सायरन असतो, बाहेर पडायची वाट असते. स्फोट पाहिलेल्या कामगाराने दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रापाशी कसे उभे राहायचे, हे त्यात नसते. कंत्राटी कामगाराने सुट्टी घेतली की रोज बुडतो.

आजारी भिक्खूला कुणी विचारत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला स्नान घातले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, हक्क आहे, हाच त्याचा अर्थ.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. बचावकार्यात पाळीपाळीने ड्युटी, नंतर पगारी विश्रांती आणि समुपदेशन. कारखान्याच्या मॉक ड्रिलमध्ये कंत्राटी कामगार आणि शेजारची वाडी. सुरक्षा समितीत आपले प्रतिनिधी. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक हजेरीखोलीत. येत्या पावसाळ्याआधी हे विषय ग्रामसभेत आणि युनियनमध्ये मांडूया.

जय भीम!