टँकर रिकामा कुठे होतो?

अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांच्या खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात. पुढे एसटीची बस. लेण्यांना धुराचा त्रास नको, ही त्यामागची काळजी योग्यच. तशीच काळजी खालच्या हॉटेलांच्या, ढाब्यांच्या आणि घरांच्या सेप्टिक टँकचीही हवी. टँक उपसून निघालेला टँकर रिकामा कुठे होतो, हे कुणी विचारत नाही.

सेप्टिक टँक मैला साठवतो, संपवत नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. हा गाळ रोजच्या सांडपाण्याच्या कितीतरी पट दाट असतो. नाल्यात सोडला तर पाण्यातला प्राणवायू खातो. शेतात ओतला तर जंतांची अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. शिवाय इथला उतार वाघूरकडे. लेण्यांच्या घळीतून निघालेली ही नदी पुढे पहूरवरून वाघूर धरणात जाते आणि त्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. मैल्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

भुयारी गटारे आणि विजेवर चालणारा प्रकल्प गावाच्या आवाक्याबाहेरचा, हे खरे. पण त्यावाचून अडत नाही. खडी-वाळूच्या वाफ्यांवर गाळ पसरायचा, पाणी खाली झिरपू द्यायचे आणि ते पाणवनस्पती लावलेल्या खडीतून गाळून घ्यायचे. वर वाळलेल्या गाळाचे नीट कंपोस्ट केले की खत. कर्नाटकात देवनहळ्ळीला 2015 पासून बहुतांशी उतारावरच चालणारे असे केंद्र आहे. आपल्याकडे वाईने तर टँक तुंबण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने सगळे टँक उपसण्याची पद्धत बसवली.

पैशाचे कारणही पुरे पडत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात या कामासाठी माणशी 230 रुपयांपर्यंत तरतूद आहे. एकट्या गावाला ते पुरणार नाहीत. म्हणून फर्दापूर, अजिंठा आणि आसपासच्या गावांसाठी जिल्हा परिषदेने एकच केंद्र उभारावे, जागा शोधून द्यावी. मग ग्रामपंचायतीने हॉटेलवाल्यांकडे एकच कागद मागावा: मैला केंद्रावर पोचल्याची पावती. ती नसेल, तर ना-हरकत दाखलाही नाही.