सुवास कुणाचा?

सुवास ही मोठ्या घरची चैन, असे आमच्या घरी कुणी बोलून दाखवले नाही. पण मानले मात्र तसेच जाई. अत्तर लग्नातले, तेही दुसऱ्याने मनगटाला लावलेले! कॉलेजात आल्यावर औषधांच्या दुकानात, दोन वह्यांच्या किमतीत, कोलन वॉटरची छोटी बाटली मिळाली. लिंबू-संत्र्याच्या ताज्या सालीचा तो वास!

जर्मनीतील कोलोन शहरात अठराव्या शतकात जोहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाने हे पाणी प्रसिद्धीस आणले. तेव्हा ते राजेरजवाड्यांचे होते. पुढे नकला निघाल्या. संत्र्याच्या सालीचे तेलही रसाच्या कारखान्यांत जोडीने मिळू लागले, आणि किंमत उतरली.

मित्र म्हणतात, "तासाभरात उडून जाणार, मग पैसे कशाला?" उडतो खरा. सालीच्या तेलातले घटक मुळातच हलके. महागड्या बाटलीतलेही असेच लवकर उडतात.

माझे वडील दिवसभर घाम गाळतात, म्हणून मी वर्गात बसतो. त्या घामाची मला लाज नाही. पण घाम आपला आणि सुवास दुसऱ्यांचा, ही वाटणी मला मान्य नाही. मित्रहो, रुमालावरच्या दोन थेंबांवर आपलाही हक्क आहे, आणि आपल्या वडिलांचा तर आधी!