"आयुष्यच तेवढं होतं" म्हणू नका



गव्हाला दुसरं पाणी चालू आहे. या आठवड्यात आपल्याकडं लाईट रात्री दहाला येते आणि सकाळी सहाला जाते. पोरगा बॅटरी घेऊन दारं धरायला गेलाय आणि मी ओट्यावर जागा बसलोय. झोप लागत नाही, कारण आमचे आण्णा असेच गेले.

जानेवारी 1984. मी सहावीत, आण्णा 37 वर्षांचे. बारं फोडायला वाकले आणि पायाला घोणस चावली. घरी आणलं. आधी देवऋषी झाला, मंतरलेला दोरा झाला, त्यात रात्र गेली. सकाळी बैलगाडीतून जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथं लस नाही. तालुक्याला पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. मग लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी आण्णा गेले.

दरवर्षी श्राद्धाला भावकी जमते. फोटोला हार घातला की कुणीतरी म्हणतंच, "माणूस चांगला होता, पण आयुष्यच तेवढं होतं." 42 वर्षं हे ऐकतोय. आता ऐकून घेणार नाही.

तेवढं नव्हतं आयुष्य. ज्या माणसानं विहिरीचे शेवटचे दोन परस स्वतः पहारीनं फोडले, त्याला काय झालं होतं? 1979 ला मोट सोडून पाच हॉर्सची मोटार बसवली. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचा नाही म्हणून माझ्या पाटीवर महिनाभर सही गिरवली. मी दुसरीतला पोरगा त्यांचा मास्तर! वेलांटी चुकली की मी ओरडायचो आणि ते हसायचे. त्या कर्जाचे राहिलेले हप्ते आईनं रोजानं जाऊन फेडले. हा माणूस नशिबानं गेला म्हणायचं?

काही जण म्हणतील, सापाला काय दिवस आणि काय रात्र. अहो, घोणस जास्त करून रात्रीच हिंडते. दिवसा निदान पाय कुठं ठेवतोय ते दिसतं. कारखान्यात रात्रपाळीला उजेड असतो. आपल्या रात्रपाळीला चिखल, थंडी आणि एक बॅटरी.

दुसरे म्हणतील, आता सरकार अपघाती मृत्यूला 2 लाख देतं, सर्पदंशालाही देतं. देतं ते चांगलंच आहे, ज्याच्यावर वेळ येईल त्यानं जरूर घ्यावं. पण ते पैसे माणूस गेल्यावर येतात. मला माणूस जायच्या आधीचं बोलायचंय. शेतीचे फीडर सौरवर घेऊन दिवसा वीज द्यायची योजना 2017 पासून आहे. जिथं काम झालं तिथली माणसं उन्हात दारं धरतात. म्हणजे जमतं. मग आपल्या फीडरला कधी?

आणि सगळं सरकारवर ढकलून आपणही सुटत नाही. ती अख्खी रात्र देवऋष्यापायी आम्हीच घालवली. म्हणून सांगतो, साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, धीर द्या, पाय हलू देऊ नका आणि गाडी काढून सरळ लस असलेल्या दवाखान्यात न्या. लस कुठं आहे ते आजच विचारून ठेवा, चावल्यावर नको. रात्री रानात जाताना गमबूट आणि काठी पाहिजेच.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. शेतीला दिवसा लाईट, आणि आपल्या आरोग्य केंद्रात लस कायम शिल्लक. हात वर करायला या. नुसतं पोस्टखाली हात जोडून जाऊ नका.

यंदाच्या श्राद्धाला आण्णांच्या फोटोखाली मी लिहिणार आहे : रात्रीची लाईट, देवऋषी आणि नसलेली लस यांनी गेले. कुणाला राग आला तर येऊ दे.

साडेतीन वाजले. खालच्या वाफ्यात बॅटरी हलताना दिसतेय. अजून अडीच तास.