अनुपान, मार्ग आणि डीएनए लस

औषध कोणते, एवढे ठरवून वैद्याचे काम संपत नाही. ते कोणत्या मार्गाने, कोणत्या अनुपानाबरोबर व कोणत्या काली द्यावयाचे, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. डीएनए लसीचा इतिहास वाचताना हे वारंवार आठवते.

या लसीत रोगजंतूच्या एका प्रथिनाचा जनुकीय आराखडा तेवढा शरीरात सोडतात; प्रथिन आपल्याच पेशींनी तयार करावयाचे. स्नायूत टोचल्यावर उंदरांत उत्तम प्रतिसाद मिळाला, मनुष्यात मात्र तो क्षीण ठरला. फार थोडे डीएनए पेशीकेंद्रापर्यंत पोहोचते, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने जायकोव्ह-डी ही लस सुईविना, द्रवाच्या बारीक धारेने त्वचेत देण्याचे योजिले. परकीय द्रव्य ओळखणाऱ्या पेशी त्वचेत विपुल असतात. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. मनुष्यासाठी मान्य झालेली ही जगातील पहिली डीएनए लस. तरीही २८ दिवसांच्या अंतराने तीन मात्रा लागत, व अंतरिम निष्कर्षांत परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली. आपल्या राज्यात आरंभी नाशिक व जळगाव जिल्हे तिच्यासाठी निवडले होते.

सहायक द्रव्यांची हकीकत रसशास्त्राच्या अभ्यासकास अधिक रुचेल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत अॅल्युमिनियम फॉस्फेटने डीएनए लसीचा प्रतिसाद वाढविला. त्याच धातूचे हायड्रॉक्साइड डीएनएला बांधून ठेवते, त्यामुळे ते निरुपयोगी ठरले.

आता आपल्या घरची गोष्ट. २००४ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी अश्वगंधा व शतावरी यांचे जलीय अर्क त्रिगुणी लस दिलेल्या उंदरांना मुखावाटे दिले, तेव्हा डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडे वाढली. काम मोलाचेच आहे. परंतु त्याच्या बळावर ‘लसीचा गुण वाढविणारे चूर्ण’ विकणे मला मान्य नाही. प्रयोग उंदरांवरचा, लस डीएनएची नव्हे, आणि दिला गेला तो अर्क. स्वरस, क्वाथ व चूर्ण यांचे बल भिन्न, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवितो. मग दुकानाच्या फळीवर ते एक कसे होतात? काटोलच्या माझ्या चिकित्सालयात बाळाच्या लसीनंतर कोणता काढा द्यावा, असे पालक विचारतात. लसीसाठी म्हणून मी काहीही लिहून देत नाही.

औषधनिर्मात्या बंधूंना हे रुचणार नाही. त्यांनी जाहिरातीचा थोडा खर्च वळवावा. धनुर्वाताची लस घेणाऱ्या प्रौढांत, नीतिसमितीच्या संमतीने, अश्वगंधा क्वाथासह व क्वाथाविना प्रतिपिंडे मोजता येतील. नागपूरचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आपल्यापासून दूर नाही. पुढील सभेत हा ठराव मी मांडणार आहे.