चेनचा नंबर खरा निघाला, पण चेन टिकेल का?

पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून सोन्याची चेन घ्यायची, असा बेत अनेकांचा असतो. दुकानात गेल्यावर सजग ग्राहक आता फोन काढतो, 'बीआयएस केअर' अ‍ॅप उघडतो आणि चेनवरचा सहा अक्षरांचा नंबर टाकतो. माहिती जुळली की मन निर्धास्त. बिल होतं, चेन गळ्यात येते. आणि सहा महिन्यांत एका कडीपाशी तुटते.

मग अ‍ॅप खोटं बोललं का? नाही. अ‍ॅपला आपण एकच प्रश्न विचारला होता, पण चेन घेताना प्रश्न तीन असतात. सोनं सांगितलं तितकं शुद्ध आहे का? रोज घालून चेन टिकेल का? आणि आपण दिलेल्या पैशांपैकी सोन्याचे किती? यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर फोनवर मिळतं. उरलेली दोन उत्तरं स्वतः शोधावी लागतात.

आत्ताच हा विषय का?

एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याच्या भावाने भारतात पहिल्यांदा एक लाखाचा टप्पा गाठला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक बाजारात एका औंसचा भाव ४,००० डॉलरच्या पुढे गेला. भाव असे चढले की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दागिने हलके होतात. दुसरी म्हणजे कॅरेट खाली येतं. जुलै २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, ९ कॅरेटलाही हॉलमार्कच्या यादीत घेतलं. त्यामुळे आता हॉलमार्क असलेली चेन ९ कॅरेटचीही असू शकते आणि २२ कॅरेटचीही. 'हॉलमार्क आहे ना?' एवढंच विचारून आता भागत नाही. 'हॉलमार्क कितीचा?' हे विचारायला हवं.

अ‍ॅप नेमकं काय सांगतं?

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. प्रत्येक दागिन्याचा एचयूआयडी वेगळा असतो, जसा प्रत्येक फोनचा आयएमईआय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या नंबरशिवाय विकता येत नाही.

चेनवर या खुणा सहसा टोकाला, फाशाजवळच्या छोट्या पट्टीवर असतात. लेझरने कोरलेल्या असल्यामुळे त्या फिकट दिसतात. दुकानदाराकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ते मागा. नंबर अ‍ॅपमधल्या 'व्हेरिफाय एचयूआयडी'मध्ये टाकलात की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क करून घेणारा सराफ आणि हॉलमार्किंग केंद्र कळतं.

इथे घाई करू नका. नंबर सापडला, एवढ्यावर थांबायचं नाही. अ‍ॅपमध्ये 'अंगठी' दिसतेय आणि हातात चेन आहे, तर तो नंबर त्या चेनचा नाही. बिलावर २२ कॅरेट लिहिलंय आणि अ‍ॅपमध्ये १८ दिसतंय, तर पैसे देण्याआधी थांबा. तपासणीत शुद्धता खुणेपेक्षा कमी निघाली, तर ग्राहकाला फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. तक्रारही याच अ‍ॅपवरून करता येते.

आता एक मेख. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या सराफालाही सूट आहे. म्हणजे 'बजेटमध्ये बसणारी' दीड ग्रॅमची नाजूक चेन नेमकी नियमाच्या बाहेर पडते. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच खरेदीला संरक्षण कमी. म्हणून छोटी चेन घेत असाल, तर हॉलमार्क केलेलीच मागा. सक्ती नसली तरी मागायला कोणाची ना नाही.

जास्त कॅरेट म्हणजे जास्त मजबूत?

उलट आहे. शुद्ध सोनं मऊ असतं, म्हणून त्यात तांबं, चांदी वगैरे मिसळतात. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, १८ मध्ये ७५, १४ मध्ये ५८.५ आणि ९ मध्ये ३७.५ टक्के. मिश्रण वाढतं तसा धातू साधारणपणे कडक होतो. २२ कॅरेटची बारीक चेन रोजच्या ओढाताणीत लांबते, कड्या उघडतात. त्याच जाडीची १८ कॅरेटची चेन जास्त तग धरते. शिवाय १८ कॅरेटचं सोनं वजनाला हलकं असल्याने तेवढ्याच ग्रॅममध्ये तार जरा जाड मिळते.

मग ९ कॅरेट सगळ्यात भारी का? तसंही नाही. त्यात साठ टक्क्यांहून जास्त इतर धातू असतात. घाम, परफ्यूम आणि स्विमिंग पुलातलं क्लोरीन यांचा परिणाम त्यावर लवकर दिसतो, रंग काळवंडू शकतो. पांढऱ्या सोन्याच्या काही मिश्रणांत निकेल असतं. त्वचेला खाज येत असेल, तर ते आधी विचारून घ्या.

रोज घालायच्या चेनसाठी १८ कॅरेट हा मधला, व्यवहारी पर्याय आहे. घरातून 'बावीसचंच घे, मोडताना बरं पडतं' असा सल्ला येईल. तो चुकीचा नाही. पण मग चेन जाड घ्यावी लागेल. २२ कॅरेट आणि केसासारखी बारीक, ही जोडी रोजच्या वापराला जमत नाही.

कडीकडे बघा, डिझाइनकडे नंतर

चेन तुटते ती तिच्या सगळ्यात कमजोर जागी. ती जागा शोधायला पाच मिनिटं द्या.

कड्या भरीव आहेत की पोकळ, हे सरळ विचारा. पोकळ चेन जाड दिसते आणि वजनात हलकी भरते, म्हणून ती रीलमध्ये छान दिसते. पण ती चेपते, आणि पत्रा पातळ असल्याने दुरुस्त करणं अवघड जातं. दोन चेन सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या आणि सारख्या कॅरेटच्या असून एकीचं वजन बरंच कमी असेल, तर ती बहुधा पोकळ आहे.

साध्या गोल किंवा लंबगोल कड्यांची चेन दुरुस्तीला सोपी असते. एक कडी तुटली तर तेवढीच बदलता येते. सापासारखी गुळगुळीत, चपटी चेन एकदा मुडपली की ती घडी जात नाही. प्रत्येक कडीचा सांधा झाळलेला आहे ना, हे भिंगातून पाहा. फट दिसली तर ती चेन बाजूला ठेवा.

फासा आणि त्याला धरणारी शेवटची छोटी कडी नीट बघा. अनेकदा चेन चांगली असते आणि ही कडी नावापुरती. फासा पाच-सहा वेळा लावून-काढून बघा.

लॉकेट घालणार असाल, तर ते चेनच्या मानाने जड नको. एकाच जागी रोज घासून तिथल्या कड्या झिजतात. दोन चेन एकत्र घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: कडक चेन मऊ चेनला झिजवते. आयकार्डची दोरी, नेकबँड, हेल्मेटचा पट्टा हेही चेनमध्ये अडकतात.

आणखी एक साधा हिशेब. पाच ग्रॅमची चेन २४ इंचांऐवजी १८ इंचांची घेतलीत, तर दर इंचाला एक तृतीयांश जास्त सोनं मिळतं. पैसे तेवढेच, पण चेन जाड. बजेट मर्यादित असेल, तर लांबी कमी करा, जाडी नको.

'केडीएम आहे, काळजी नको' असं कोणी म्हणालं, तर हसून सोडून द्या. केडीएम म्हणजे कॅडमियम वापरून केलेला सांधा. ती शुद्धतेची खूण नाही, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या तब्येतीला घातक असतो.

बिल उघडून बघू

हिशेब सोपा जावा म्हणून समजा, २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये आहे. मग १८ कॅरेटचा भाव त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. पाच ग्रॅमच्या चेनमध्ये सोनं ४५,००० रुपयांचं. घडणावळ १२ टक्के धरली तर ५,४००. दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,५१२. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर मिळून साधारण ५३. एकूण सुमारे ५१,९६५ रुपये.

म्हणजे दुकानाबाहेर पाऊल टाकताच जवळजवळ सात हजार रुपये 'सोनं' नसतात. मोडताना घट धरली तर आणखी कमी मिळतात. हीच चेन २२ कॅरेटची घेतली, तर त्याच हिशेबाने सुमारे ६३,४५५ रुपये लागतील. सोनं जास्त मिळेल हे खरं, पण टक्क्यांत असल्यामुळे घडणावळही वाढेल.

नेमकी इथेच एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. २०२३ मध्ये १० ग्रॅमचा भाव ६०,००० च्या आसपास होता, तेव्हा १२ टक्के घडणावळ म्हणजे ७,२०० रुपये. भाव १,२०,००० झाल्यावर तीच १२ टक्के म्हणजे १४,४००. चेन तीच, मशीन तेच, काम तेवढंच. भाव दुप्पट झाला म्हणून मजुरी दुप्पट का? हा प्रश्न दुकानात विचारायला लाजू नका. टक्क्यांऐवजी ग्रॅममागे ठरावीक घडणावळ मागा, दोन-तीन पेढ्यांवर तुलना करा. सोन्याच्या भावात घासाघीस होत नाही, घडणावळीत होते. साध्या, मशीनवर बनलेल्या चेनला घडणावळ कमी असायला हवी. टिकाऊ चेन अनेकदा तीच असते, हा आपला फायदा.

आणि भाव कोणत्या कॅरेटचा लावलाय, ते नक्की पाहा. ९ किंवा १४ कॅरेटची चेन 'स्वस्त' वाटते, कारण तिच्यात सोनंच कमी आहे. वरच्या भावाने ९ कॅरेटचा ग्रॅम ४,५०० रुपयांना पडायला हवा. त्यापेक्षा बरेच जास्त मागत असतील, तर वरचे पैसे कशाचे, ते विचारा. ती चेन तेच दुकान पुढे कोणत्या भावाने परत घेईल, हेही आत्ताच लेखी घ्या.

घरी आल्यावर फोनचं काम

बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ आणि एचयूआयडी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. बिलाचा, चेनचा आणि खुणांच्या पट्टीचा जवळून फोटो काढा. घाम आणि घासण्याने लेझरची खूण पुसट होत जाते. फोटो मात्र तसाच राहतो.

चेन चोरीला गेली तर हे फोटो पोलिसांत उपयोगी पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून चोरी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण भ्रमात राहू नका. आयएमईआयने फोन ब्लॉक होतो, एचयूआयडीने चेन ब्लॉक होत नाही. सोनं वितळलं की नंबरही गेला. नंबर ओळख पटवतो, राखण करत नाही.

वर्षातून एकदा चेन पांढऱ्या कागदावर सरळ ठेवून फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून बघा. फाशाजवळची आणि लॉकेटखालची कडी बारीक दिसली, तर तुटायच्या आधीच बदलून घ्या. एक कडी बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. लोकलच्या गर्दीत पडलेली चेन मात्र परत मिळत नाही.