आग रंगवणाऱ्याचा श्वास

गेल्या ईदच्या सुट्टीत भाचा घरी आला तो हातात एक पांढरं टरफल घेऊन. फायबरचं, हलकं, पुढे निमुळतं होत गेलेलं. त्याने कुणाकडून तरी वापरलेलं रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर विकत घेतलं होतं. त्याची ही कॅनोपी, म्हणजे पुढचं कवच. म्हणाला, “मामू, यावर आग पाहिजे. स्टिकरवाली नाही. बघणाऱ्याला चटका बसला पाहिजे.”

दुलाभाई हसले. “स्टिकर अर्ध्या तासात चिकटतं. आठ दिवस कशाला घालवता?” अम्मीचा आक्षेप वेगळाच होता. “जहन्नमची आग आपल्या हाताने काढायची हौस कुणाला असते का रे?”

मी हो म्हणालो. घरात एक छोटा कॉम्प्रेसर आणि एअरब्रश धूळ खात पडला होता. शिवाय आमच्या घरात रंगाचं काम नवीन नाही. अब्बांनी उभी हयात गॅरेजमध्ये ट्रकच्या केबिन आणि मोटरसायकलच्या टाक्या रंगवण्यात घालवली. आज ते अंगणात खुर्ची टाकून बसतात, उशाशी इनहेलर असतो आणि थिनरचा वास आला की उठून दूर जातात. हा लेख हेलिकॉप्टरवरच्या आगीबद्दल आहे, तसाच त्यांच्याबद्दलही आहे.

आधी आगीबद्दल. गाड्यांवर ज्वाळा काढायची फॅशन अमेरिकेतली, विशेषतः कॅलिफोर्नियातली. 1950च्या दशकात तिथले हौशी लोक जुन्या गाड्यांचं इंजिन बदलायचे, बॉडी कापायचे आणि बॉनेटवर लांब जिभांसारख्या ज्वाळा काढून घ्यायचे. व्हॉन डच आणि एड ‘बिग डॅडी’ रॉथ ही त्यातली गाजलेली नावं. पण त्या ज्वाळा नक्षीसारख्या होत्या. कडा रेखीव, भोवती बारीक रेघ, आत सपाट रंग. आपल्या रिक्षांच्या मागे आजही दिसतात त्या याच जातीच्या. खरी वाटणारी आग ही नंतरची गोष्ट. वॉशिंग्टन राज्यातल्या माइक लव्हाली या एअरब्रश कलाकाराने ‘ट्रू फायर’ नावाने ती पद्धत लोकप्रिय केली आणि ती जगभरच्या गॅरेजांत, हेल्मेटांवर आणि मॉडेल विमानांवर पोचली.

दोन्हींत फरक काय? खऱ्या आगीला कड नसते. भाच्याला मी आधी ब्रश दिलाच नाही. शेजारी लग्न होतं, तिथे बिर्याणीची देग चढली होती. त्याला म्हटलं, तासभर चुलीपुढे बस आणि बघ. लाकडाच्या ज्वाळेचा पिवळा उजेड म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कण. जिथे ते दाट, तिथे जवळजवळ पांढरं दिसतं. टोकाकडे नारिंगी, मग लाल, मग काहीच नाही. आणि मधे मधे अंधाराची भोकं असतात. आग दिसते ती या अंधारामुळे.

पहिला प्रयत्न अर्थातच फसला. सहाशे नंबरचा वॉटर पेपर मारून, धुऊन, काळा बेस कोट दिला इथवर ठीक होतं. मग पोराने उत्साहात सगळीकडे पिवळा उडवला. आगीऐवजी आमरस सांडल्यासारखं झालं. पुन्हा काळा मारला आणि नव्याने सुरुवात केली.

पद्धत सांगतो, कारण ती समजल्याशिवाय या कामाला वेळ का लागतो ते कळत नाही. एअरब्रशचा खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. किती ओढायचा हे बोटाला कळावं लागतं. काळ्यावर आधी अगदी पातळ, तांबूस नारिंगी ज्वाळा उडवायच्या, मोकळ्या हाताने. काही ठिकाणी वळणदार कापलेला पत्रा धरून एका बाजूची कड जराशी तीक्ष्ण ठेवायची, दुसरी धुरासारखी विरू द्यायची. मग पूर्ण भागावर पारदर्शक लाल रंगाचा कोट. हा काळ्यावर दिसतच नाही, फक्त फिक्या भागाला रंग चढवतो आणि पहिल्या ज्वाळांना मागे ढकलतो. त्यावर दुसरा थर, थोड्या कमी ज्वाळा, जास्त उजळ. मग पारदर्शक नारिंगी. शेवटी मोजक्याच ठिकाणी पांढरट पिवळा आणि त्यावर पारदर्शक पिवळ्याचा हलका हात. प्रत्येक थरात ज्वाळा कमी होत जातात आणि उजेड वाढत जातो. खोली येते ती त्यातून. मोह आवरणं हेच यातलं मोठं काम आहे.

अब्बा जवळ येऊ शकत नव्हते. भाचा दर थरानंतर मोबाइलवर फोटो काढून अंगणात जाऊन दाखवायचा. तिसऱ्या फोटोला अब्बा म्हणाले, “हे पुढे उडणार ना? मग ज्वाळा वर का जातेय? वारा नाकावर बसतो, आग शेपटीकडे पळाली पाहिजे.” ते चूक मला दिसलं नव्हतं.

आग खरी वाटू लागली तेव्हा पोरगा खूश झाला. स्टँडवर ठेवलेल्या त्या कॅनोपीकडे बघून दुलाभाईंचाही हात नकळत मागे गेला. म्हटलं, आता उडवून बघू, पक्का कोट नंतर. बॅटरीवरचं असतं तर पुष्कळदा उडवलं असतं. हे जुनं, इंधनावर चालणारं, म्हणून एकदाच.

मैदानावर वेगळाच धडा मिळाला. चाळीस-पन्नास मीटरवर गेल्यावर ती सगळी कारागिरी एक काळा ठिपका झाली. हे खेळणं नाही, हे इथे सांगायला हवं. 600 मिलिमीटरची पाती, मिनिटाला साधारण 2000 फेऱ्या. हिशोब केला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातो. नाक आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. नाक कुठे आणि शेपूट कुठे हे क्षणभर कळलं नाही तर उलटी काठी ढकलली जाते. त्या दिवशी ते झालंच होतं, पोराने कसंबसं सावरलं. घरी येऊन आम्ही नाकाशी पिवळ्याचा भाग मोठा केला, खालच्या बाजूला झगझगीत नारिंगी पट्टा मारला आणि शेपटीचे पंख पांढरे केले. आग जवळून थोडी कमी खरी दिसते आता. पण कुणाच्या अंगावर येणार नाही. हस्तकलेने वापरापुढे एवढं झुकायलाच हवं, असं मला वाटतं.

आता राहिला शेवटचा कोट, आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती गोष्ट. या हेलिकॉप्टरच्या इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन असतं. ते साध्या रंगाला खाऊन टाकतं. म्हणून वरून हार्डनर घालून केलेला टू-के क्लिअर मारावा लागतो. काचेसारखी चकाकी येते आणि इंधन सांडलं तरी रंग टिकतो. गाड्यांवरही हाच असतो. भाच्याने डबा आणला, हार्डनर मिसळायला घेतला आणि तोंडाला रुमाल बांधला.

मी त्याच्या हातातून गन काढून घेतली.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गन चालवणाऱ्यांना कामातून जडणाऱ्या दम्याचं ते एक मोठं, जगभर माहीत असलेलं कारण आहे. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते. आणि त्याला इशारा देण्याइतका वास नसतो, म्हणजे मास्कमधून आत शिरलं तरी कळत नाही. रुमाल सोडाच, धुळीचा मास्कही इथे उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये हे काम बंदिस्त बूथमध्ये आणि नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घालून करायचं असा दंडक आहे. गन थांबली तरी न दिसणारा फवारा हवेत राहतो, म्हणून लगेच मास्क काढायचा नाही हेही तिथे शिकवतात. कामगारांची लघवी तपासून शरीरात किती गेलं ते बघतात.

अब्बांनी हाच कोट वर्षानुवर्षं शटर अर्धं ओढलेल्या गाळ्यात मारला. शटर का ओढायचं? धूळ बसून काम खराब होऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाची टाकी जपली जायची. खोकला सुरू झाला तेव्हा मालक म्हणाला, दूध पी, गूळ खा. आम्ही घरच्यांनीही तेच म्हटलं. डॉक्टरांनी काम काय करता हे विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हाच्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामातून होणाऱ्या दम्याचा उल्लेख होता. पण अब्बांचं नाव कुठल्या हजेरीपटावरच नव्हतं. दहापेक्षा कमी माणसांचं गॅरेज सहसा ईएसआयमध्ये येत नाही. मग दाद मागायची कुणाकडे?

डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांत आजही आपल्या मोहल्ल्यांतली पोरं आहेत. दहावीनंतर, कधी त्याआधीच. त्यांच्या हातात कमालीचं कसब असतं आणि तोंडावर रुमाल. आपण त्यांच्या कामाचे फोटो काढतो, लाइक करतो आणि पाचशे रुपये कमी करायला घासाघीस करतो. ते पाचशे रुपये बहुधा मास्कच्या फिल्टरचेच असतात. शौक करणाऱ्यांवर माझा राग नाही, मीही त्यांच्यातलाच. पण शौक आपला आणि दमा दुसऱ्याचा, हा व्यवहार मला मान्य नाही. मालकाची जबाबदारी पहिली आहे, सरकारची त्यानंतर. पण गिऱ्हाईक म्हणून आपणही दोन प्रश्न विचारू शकतो: मारताना मास्क कोणता घालतोस? हवा बाहेर जायला पंखा आहे का? उत्तर नाही असेल तर काम तिथे देऊ नये, आणि का देत नाही ते मालकाला सांगावं. घरी हौसेने करणाऱ्यांनी पाण्यात विरघळणारे रंग वापरावेत, खिडकी उघडी ठेवावी, तरीही फवाऱ्याचा मास्क घालावा आणि टू-के घरात आणूच नये.

कॅनोपीचा शेवटचा कोट आम्ही बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या एका वर्कशॉपमधून मारून घेतला. रंगांचा सगळा खर्च मिळून झाला नव्हता तेवढे पैसे एकट्या त्या कोटाचे झाले. भाचा कुरकुरला. मी त्याला अंगणाकडे बघ म्हणालो. पुढे तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी अब्बांना मैदानावर घेऊन गेलो. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, धुरापासून लांब खुर्ची टाकली. हेलिकॉप्टर वर चढलं, वळलं, आमच्याकडे तोंड करून थांबलं. अब्बांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाले, “नाक दिसतंय. आता ठीक आहे.”