पहिलटकरणीची रजा कोण भरते?

बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा या देशात १९६१ साली झाला. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगले झाले. बँकेतल्या, गिरणीतल्या पोरीला ती मिळालीच पाहिजे.

पण आमच्या सुना कोणाच्या नोकर? घरच्या वावरात निंदण केले तर त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली तर मजुरी किलोमागे. कायदा नोकरदार आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी देतो, पगार न कापता. आमच्या बाईने धुऱ्यावरच्या झोळीतले लेकरू पाजायला घेतले की तेवढा कापूस तिच्या ओटीत कमी. त्यात पहिलटकरीण असली तर लेकरू सांभाळायला मोठे भावंडही नसते. मग सासू घरी बसते आणि एका पाळण्यापायी दोन रोज बुडतात.

मग आजवर ही रजा भरली कोणी? माहेराने. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात लेक येते ती सव्वा महिना, कधी तीन महिने उलटल्यावर जाते. दवाखाना, तूप, डिंकाचे लाडू, बारसे, सगळे बापाच्या माथी. बाप तरी कोण? आपल्यासारखाच कोरडवाहूवाला. शहरात जे मालक भरतो ते इथे बाप उसनवारीने भरतो.

सूतगिरणीतल्या बाईची रजा सुताच्या खर्चात धरली जाते. आमच्या बाईची कापसाच्या खर्चात नाही, ज्वारीच्याही नाही. कृषिमूल्य आयोग घरच्यांचे श्रम धरतो, पण राबलेल्या दिवसांचे. बाळंतपणाच्या दिवसांना त्याच्या तक्त्यात रकाना नाही.

आणि सरकार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० रुपये लिहिले आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला मिळतात ५,०००, तेही हप्त्याने. २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात. म्हणजे रोजचे साडेसत्तावीस रुपये! हे पैसे तिच्या खात्यात येतात हे खरे, पण पासबुक सासऱ्याच्या खिशात असते. ते तिच्या हाती द्यायला कोणत्या सरकारची वाट पाहायची?

नोकरीतही सगळे सुरळीत नाही. कामगार विमा नसेल तिथे रजेचा सारा पगार मालकाच्या अंगावर, म्हणून नव्या लग्नाच्या पोरीला घेताना तो मागेपुढे पाहतो. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात तर ही रजा पोचतच नाही.

तेव्हा हा बोजा ना एकट्या मालकावर हवा, ना एकट्या बापावर. जिल्ह्याच्या बैठकीत ठराव मांडावा: बाळंतिणीला १८२ दिवसांच्या किमान शेतमजुरीइतकी रक्कम सरकारी तिजोरीतून मिळावी, ती सातव्या महिन्यापासून हाती पडावी, आणि वेचणीच्या हंगामात गावोगाव तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी पाळणाघर चालावे.